गोल दिसलं की बेसेल आलाच

वाचक विचारतात

मागच्या अंकात पावसाळी हवेत ढोलाचं पान (ताणून बसवलेलं चामडं) का उतरतं यावर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं: पानाची हालचाल नीट मोजायची तर बेसेल फंक्शन, म्हणजे गोल पानावरच्या लाटेचा आकार सांगणारं गणिती सूत्र, लागतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढे ढकलून या वेळची सगळी जागा त्यालाच देऊन टाकली आहे. पत्रं काटछाट करून छापली आहेत. काहींनी नाव नको म्हटलं होतं, म्हणून सगळ्यांचीच गाळली.

मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ढोल पथकात वाजवते. बेसेल फंक्शन आम्हाला फळ्यावर एक अनंत श्रेणी म्हणून भेटलं. परीक्षेला येतं म्हणून पाठ केलं. त्याचा ढोलाशी संबंध खरंच आहे का? आणि असेल तर वाजवताना मला त्याचा काही उपयोग? (पंचवटी)

संबंध आहे, आणि तो श्रेणीच्या आधी सांगायला हवा होता. मी जन्मभर इंजिनिअरिंगच्या मुलांना गणितच शिकवलं, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. फ्रोबेनियसची पद्धत, मग श्रेणी, मग सूत्रांची माळ, की युनिट संपलं. ढोल वर्गाबाहेरच राहतो.

आधी तार घे. एकतारी छेडली की तारेचा आकार साइनच्या रेघेसारखा होतो. दोन्ही टोकं बांधलेली, तिथे हालचाल शून्य, मध्ये फुगवटा. साइनची शून्यं समान अंतरावर असतात, म्हणून तारेचे वरचे स्वर मूळ स्वराच्या बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट येतात.

आता पान घे. मनातल्या मनात त्यावर चार बोटं रुंदीच्या दोन कड्या आख, एक केंद्राजवळ आणि एक काठाजवळ. रुंदी सारखीच, पण काठाजवळच्या कडीत चामडं कितीतरी जास्त. म्हणजे केंद्रातून बाहेर निघालेल्या लाटेला पुढे जाताना दर खेपेला आधीपेक्षा जास्त चामडं हलवावं लागतं, आणि तिची उंची घटत जाते. समीकरणात ही गोष्ट एका जास्तीच्या पदातून येते, ज्यात केंद्रापासूनच्या अंतराने भागलेलं असतं. तारेच्या समीकरणात ते पद नसतं. मधोमध ठोकलेल्या पानापुरतं बोलायचं तर साइन आणि बेसेल यांच्यातला सगळा फरक तेवढाच.

डोळ्यांनी बघायचं असेल तर सांगते. आमच्याकडे भांडी बाजारातून आणलेलं तांब्याचं जुनं घंगाळ आहे. ते पाऊण भरून वॉशिंग मशीनच्या झाकणावर ठेवायचं आणि मशीन कपडे पिळायला लागलं की वरून ट्यूबलाइटच्या उजेडात बघायचं. पाण्यावर एकात एक वर्तुळं उभी राहतात. मधोमध पाण्याची टोचदार गाठ येते, ती सगळ्यात उंच. तिच्या भोवतीचं कडं तिच्याहून कमी उंच, त्याच्या बाहेरचं आणखी कमी. घंगाळ मध्यावरून उभं कापलं तर पाण्याची जी रेघ दिसेल तीच शून्य क्रमाच्या बेसेल फंक्शनची रेघ. (पानावर क्रम म्हणजे मधून जाणाऱ्या स्थिर व्यासरेघांची संख्या; इथे एकही नाही, म्हणून शून्य.) लहान पातेल्यातही दिसतं, पण घंगाळात कडी जास्त मोजता येतात. (भांडं झाकणाच्या मधोमध ठेव, आणि घरच्यांना आधी सांगून ठेव.)

श्रेणीची भीती घालवायला साधा कॅल्क्युलेटर पुरे. कुठलीही संख्या निवड, तिचा वर्ग करून ४ ने भाग, उत्तराला ट म्हण. शून्य क्रमाचं बेसेल फंक्शन म्हणजे

१ − ट + ट²/४ − ट³/३६ + ट⁴/५७६ − …

खालचे आकडे घोकू नकोस, ते १, २, ६, २४ या फॅक्टोरियलचे वर्ग आहेत. आता २.४ निवडू. ट आला १.४४. एकेक पद घेत जा: १ मधून १.४४ वजा केले की −०.४४. पुढचं पद ०.५१८४, बेरीज ०.०७८४. त्यातून ०.०८२९ गेले की −०.००४५. पुढच्या पदाने बेरीज ०.००३ च्या जवळ येते आणि त्याच्या पुढच्याने ०.००२५ वर टेकते. म्हणजे जवळपास शून्य. खरं शून्य थोडं पुढे, २.४०५ ला आहे. हा आकडा लक्षात ठेव, आजच्या लेखात तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

पुढची शून्यं ५.५२०, ८.६५४, ११.७९२. त्यांच्यातली अंतरं काढ: ३.११५, ३.१३४, ३.१३८. कुठे चाललीत कळलं ना? पायकडे, म्हणजे ३.१४१६ कडे. केंद्रापासून लांब गेल्यावर शेजारशेजारच्या दोन कड्यांच्या लांबीतला फरक नगण्य होतो, गोलपणा जाणवेनासा होतो आणि बेसेल हळूहळू घटत जाणाऱ्या साइनसारखा वागू लागतो.

पान काठाला बांधलेलं, म्हणून काठावर फंक्शनचं शून्य यायलाच हवं. पहिलं शून्य काठावर आलं की मूळ स्वर. त्याचं सूत्र असं: २.४०५ ला पानाच्या ताणाच्या आणि दर क्षेत्रफळामागच्या वजनाच्या भागाकाराच्या वर्गमुळाने गुणायचं, आणि परिघाने भागायचं. एवढ्यावरून पथकातल्या बऱ्याच गोष्टी सुटतात. ताण तोच ठेवून व्यास दुप्पट केला तर स्वर सप्तकभर खाली जातो. तोच व्यास ठेवून स्वर सप्तकभर चढवायचा तर ताण चौपट लागतो, म्हणून दोरी ओढताना शेवटचा थोडासा चढ मिळवायला हाताची सालटी निघतात. दमट हवेत चामड्याचा ताण पाचव्या हिश्शाने सैलावला तर स्वर दहा-अकरा टक्के उतरतो. सा होता तिथे साधारण कोमल नी ऐकू येतो. फायबरच्या पानाला हा त्रास नाही, म्हणून भाद्रपदात ते सोयीचं पडतं. आवाज चामड्याचाच चांगला, हे माझं मत, त्याला गणिताचा आधार नाही.

टिपरू कुठे मारायचं यालाही उत्तर आहे. पानाच्या हालचालीचे दोन प्रकार. एकात घंगाळासारखी नुसती वर्तुळं असतात. दुसऱ्यात पानाचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला अर्धा खाली जातो, आणि मधून व्यासाची एक स्थिर रेघ जाते. अशा रेघा दोन, तीन, कितीही असू शकतात. त्या सगळ्या केंद्रातूनच जातात, त्यामुळे बरोबर मध्यावर मारलं तर दुसऱ्या प्रकारातलं एकही कंपन जागं होत नाही. मग उरतो मुख्यतः मूळ स्वर. त्यात अख्खं पान एकदम वरखाली होतं, हवेला जोराचा धक्का बसतो, ऊर्जा भराभर बाहेर जाते आणि आवाज चटकन विझतो. तुमचा 'धम्' तो हाच. काठाकडे मारलंस तर व्यासवाली कंपनं उठतात. ती हवेला कमी ढकलतात, म्हणून जास्त वेळ टिकतात आणि आवाज टणक लागतो. हा एका कोऱ्या पानाचा हिशेब झाला. प्रत्यक्ष ढोलाला दोन पानं आणि मध्ये कोंडलेली हवा असते, तिने आकडे थोडे हलतात. मध्य आणि काठ यांचा नियम मात्र हलत नाही.

तबल्याला सूर असतो, ढोलाला नसतो. दोन्ही गोलच. मग तुमचं हे फंक्शन तबल्यापाशी कुठे अडतं? (तबल्याचे वर्ग घेतो, नाशिकरोड)

अडत नाही, पण मधल्या काळ्या शाईने त्याला वळण लावलेलं असतं. कोऱ्या पानावर मूळ स्वर १ धरला तर वरचे स्वर १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट असे येतात. हे सगळे वेगवेगळ्या क्रमांच्या बेसेल फंक्शनच्या शून्यांना २.४०५ ने भागून मिळालेले आकडे. यात दोन नाही, तीन नाही. कानाला एकमेकांत मिसळणारं काही सापडत नाही, म्हणून नुसता नाद येतो, सूर ठरत नाही.

शाई लावली की पानाचा मधला भाग जड होतो. जड भागाचा परिणाम सगळ्या कंपनांवर सारखा होत नाही, आणि शाईचे थर मध्यावर जाड, काठाकडे पातळ असे घोटत नेले तर ते वाकडेतिकडे आकडे १, २, ३, ४, ५ च्या जवळ खेचले जातात. हे प्रयोगाने दाखवलं चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्याबरोबर 'नेचर'मध्ये त्यांचं छोटं टिपण आलं, आणि १९३४ मध्ये भारतीय तालवाद्यांवर सविस्तर निबंध. पुडीवर (तबल्याच्या पानावर) बारीक वाळू भुरभुरवायची, बोटाने योग्य जागी हलका स्पर्श ठेवून वाजवायचं, आणि वाळू स्थिर रेघांवर कशी गोळा होते ते बघायचं. त्यांना नऊ वेगवेगळी कंपनं मिळाली, पण स्वर पाचच. पहिल्या दोन स्वरांना एकेक कंपन, तिसऱ्या-चौथ्याला दोन-दोन, पाचव्याला तीन. कोऱ्या पानावर हे नऊही वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसले असते.

'ना' वाजवताना अनामिका शाईच्या काठाशी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर (पुडीच्या कडेच्या पट्टीवर) पडते. टेकलेल्या बोटाने मूळ कंपन दबतं आणि त्या बोटाखालून जाणारी स्थिर व्यासरेघ असलेली कंपनं वाचतात. तुम्ही विद्यार्थ्यांना बोट तिथेच का ठेवायला लावता ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, मी फक्त हिशेब जुळवून दाखवला. शाई घोटणाऱ्यांनी मात्र हा हिशेब न मांडताच कानाने सोडवला होता, आणि बेसेल जन्मायच्या कितीतरी आधी. याचं मला कौतुक आहे.

सातपूरला हीट ट्रीटमेंटमध्ये आहे. तुमच्यासारख्याच एका प्राध्यापकांनी ट्रेनिंगमध्ये सांगितलं की गोल शाफ्टच्या गाभ्याला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यात हेच बेसेल आहे. पण आम्ही भट्टीत 'एका इंचाला एक तास' लावतो. दुप्पट व्यासाला दुप्पट वेळ, चौपट नाही. आणि जॉब पास होतात. चूक कोणाची? (सातपूर)

कोणाचीच नाही. दोघं वेगवेगळ्या अडथळ्यांबद्दल बोलताय.

प्राध्यापकांचं म्हणणं आधी. शाफ्ट पाण्यात क्वेंच केला, म्हणजे तापलेला एकदम बुडवला, पृष्ठभाग जवळजवळ लगेच थंड झाला असं धरा. आता गाभ्यातली उष्णता बाहेर यायची. ती कडीकडीने बाहेर येते, दर कडी आतल्यापेक्षा मोठी, म्हणजे ढोलाचंच समीकरण, फक्त कंपनाऐवजी वेळेनुसार विझत जाणं. फ्रेंच गणिती फूरियेने १८२२ मध्ये दंडगोलासाठी हे सोडवलं. पृष्ठभागावर तापमानातला फरक शून्य, म्हणून काठावर पुन्हा तेच २.४०५. पोलादात उष्णता पसरण्याचा दर साधारण १२ चौरस मिलिमीटर दर सेकंदाला धरू. ५० मिमी व्यासाच्या शाफ्टची त्रिज्या २५, तिचा वर्ग ६२५. भागिले २.४०५ चा वर्ग (५.७८), भागिले १२. उत्तर ९ सेकंद. दर ९ सेकंदांनी गाभ्याचा आणि पाण्याचा फरक जवळपास ३७ टक्क्यांवर येत जातो. व्यास १०० मिमी केला की तेच ३६ सेकंद. हा वर्गाचा नियम. जाड शाफ्टचा गाभा मऊ राहतो तो याचमुळे: पोलाद कडक व्हायला जेवढ्या वेगाने थंड व्हायला हवं, तेवढा वेग गाभ्यापर्यंत पोचतच नाही.

आता तुमची भट्टी. तिथे उष्णता आधी हवेतून आणि भिंतींच्या झळीतून पृष्ठभागावर यायची, आणि ते काम फार सावकाश चालतं. पन्नास मिमीच्या शाफ्टला त्यात कित्येक मिनिटं जातात. आत पोचल्यावर ती गाभ्यापर्यंत जायला सेकंदच लागतात. गल्ली मोकळी आणि दार अरुंद, असा प्रकार. दारातून येणारी उष्णता पृष्ठभागाच्या प्रमाणात, आणि तापवायचा माल घनफळाच्या प्रमाणात. घनफळाला पृष्ठभागाने भागलं की उरतो व्यास, वर्ग नाही. म्हणून इंचाला तास हा नियम सरळ रेषेत चालतो, आणि त्यात भरपूर वेळ राखून ठेवलेला असल्यामुळे निभावतोही.

बेसेल तेव्हाही आत असतोच, पण त्याचं पहिलं वळण इतकं सपाट असतं की गाभा आणि पृष्ठभाग जवळजवळ एकाच तापमानाने चढतात. तुम्हाला तो दिसत नाही, एवढंच. व्यास खूप वाढला, किंवा भट्टीऐवजी सॉल्ट बाथ (वितळलेल्या क्षारांचं कुंड) आला, की दार रुंद होतं आणि वर्गाचा नियम डोकं वर काढतो. तिथे इंचाला तासावर विसंबू नका.

भूकंपात पाण्याच्या गोल टाकीचा हिशेब करताना आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या (कोडच्या) दुसऱ्या भागात ३.६८ हा आकडा येतो. कॉलेजात विचारलं तर 'कोडमध्ये आहे' एवढंच उत्तर मिळालं. तो येतो कुठून? (डिप्लोमा झालेला साइट सुपरवायझर, सिन्नर)

१.८४ गुणिले २. कोड व्यासात बोलतं, गणित त्रिज्येत, म्हणून दुप्पट.

१.८४ चं मूळ असं. टाकी एका बाजूला हलली की पाणी एका अंगाला चढतं आणि दुसऱ्या अंगाला उतरतं. मधून व्यासाची स्थिर रेघ, म्हणजे ढोलाच्या दुसऱ्या प्रकारचं कंपन. त्याचं फंक्शन पहिल्या क्रमाचं. पण इथे काठाची अट वेगळी आहे. पान काठाला बांधलेलं असतं, पाणी भिंतीशी वरखाली व्हायला मोकळं असतं, फक्त भिंतीच्या आरपार जाऊ शकत नाही. त्यामुळे काठावर फंक्शनचं शून्य येत नाही, शिखर येतं. पहिल्या क्रमाच्या बेसेलचं पहिलं शिखर १.८४१ ला आहे.

आकडे घालून बघा. १० मीटर व्यास, ४ मीटर पाणी: डुचमळण्याचा एक हेलकावा साधारण ३.५ सेकंदांचा. भूकंपाचे मोठे धक्के त्याहून बरेच जलद असतात. म्हणून कोड पाण्याचे दोन वाटे करतं. खालचं पाणी टाकीबरोबर घट्ट हलतं असं धरायचं (इम्पल्सिव्ह), वरचं आपल्या संथ लयीत डुचमळतं (कन्व्हेक्टिव्ह). ३.६८ फक्त दुसऱ्या वाट्याचा.

हाच हिशेब १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या बादलीला लावला तर सेकंदाला पावणेदोन हेलकावे येतात. माणूस सेकंदाला पावणेदोन-दोन पावलं टाकतो. टँकरवरून बादली नेताना पाणी पायावर का सांडतं, ते यातून कळलं असेल. पावलं मुद्दाम सावकाश टाका, किंवा चाल मोडत जा.

आकाशवाणीत ट्रान्समीटरवर काम केलं, आता निवृत्त. एफएमचं डेव्हिएशन (लाटेची कंपनसंख्या किती इकडेतिकडे सरकते ते) तपासताना आम्ही एकच स्वर द्यायचो आणि त्याची पातळी वाढवत न्यायचो. एका ठिकाणी पडद्यावरची मधली कॅरियरची (मूळ वाहक लाटेची) रेघ चक्क गायब व्हायची. त्याला 'बेसेल नल' म्हणायचे. पण रेडिओत गोल काय आहे? आणि हा बेसेल होता तरी कोण? (इंदिरानगर)

तुम्ही दुखऱ्या जागीच बोट ठेवलंत. शीर्षकात मी गोल-गोल करतेय, आणि तुमच्या ट्रान्समीटरमध्ये वरकरणी गोल काहीच नाही. बेसेलच्या घराण्याची दुसरी शाखा आहे ती: एका साइनच्या पोटात दुसरा साइन.

एफएममध्ये कॅरियरची लाट आवाजाच्या लयीत कधी किंचित पुढे रेटली जाते, कधी मागे. कॅरियर स्वतः साइन, आणि तिचा पुढे-मागे होणारा कोनही साइनने बदलणारा. अशी लाट सुटी करून मांडली की मधे कॅरियर आणि दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर रेघा येतात. कॅरियरची उंची शून्य क्रमाच्या बेसेलने ठरते, शेजारच्या जोडीची पहिल्या क्रमाच्या, तिच्या पलीकडच्या जोडीची दुसऱ्या. मॉड्युलेशन इंडेक्स (डेव्हिएशन भागिले दिलेल्या स्वराची कंपनसंख्या) २.४०५ झाला की शून्य क्रमाचं फंक्शन शून्य, आणि कॅरियर गायब. ट्रान्समीटर पूर्ण शक्तीने चालूच असतो, सगळी शक्ती बाजूच्या रेघांत गेलेली असते. ७५ किलोहर्ट्झ डेव्हिएशन तपासायचं तर ७५ ला २.४०५ ने भागा: ३१.१९ किलोहर्ट्झचा स्वर दिला आणि रेघ पहिल्यांदा नाहीशी झाली की डेव्हिएशन बरोबर ७५. मीटरवर भरवसा ठेवण्यापेक्षा हे पक्कं.

घरी आलेल्या ऑप्टिकल फायबरलाही हीच मर्यादा आहे, आणि तिथे गोलपणा खरा आहे. गाभ्याची जाडी, तरंगलांबी आणि आतल्या-बाहेरच्या काचेतला फरक यांच्यावरून एक संख्या काढतात. ती २.४०५ च्या खाली राहिली तर प्रकाशाला आत एकाच पद्धतीने जाता येतं. म्हणून सिंगल-मोड फायबरचा गाभा ८-९ मायक्रॉनएवढा बारीक.

आता माणूस. फ्रीडरिश विल्हेल्म बेसेल, जन्म १७८४, जर्मनीतल्या मिंडेन गावचा. विद्यापीठाचं तोंड पाहिलं नाही. ब्रेमेनमधल्या एका आयात-निर्यातीच्या पेढीत उमेदवारी करायचा. जहाजं, माल, हिशेब यांतून नौकानयन आणि तिथून आकाश. १८०४ मध्ये, विशीत, हॅलेच्या धूमकेतूची १६०७ मधली जुनी निरीक्षणं घेऊन त्याने कक्षा काढली आणि खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सला दाखवली. ओल्बर्स थक्क झाला. पुढे क्योनिग्सबर्गची वेधशाळा, आणि १८३८ मध्ये ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचं अंतर विश्वासाने मोजलं गेल्याची ती सुरुवात.

फंक्शनं मात्र त्याने शोधली असं म्हणता येत नाही. १७३० च्या दशकात गणिती डॅनियल बर्नुलीला टांगलेल्या साखळीच्या झुलण्यात ती भेटली होती (इथेही गोल काही नाही: साखळीचा ताण खालून वर वाढत जातो, त्याने तेच समीकरण येतं), आणि १७६४ मध्ये ऑयलरला थेट ढोलाच्या पानावर. बेसेलने १८२४ मध्ये ग्रहांच्या गतीतल्या बारीक विचलनांवर काम करताना सगळ्या क्रमांची मिळून पद्धतशीर मांडणी केली, म्हणून नाव त्याचं. ग्रह लंबवर्तुळात फिरतो, कधी जलद कधी सावकाश, आणि त्याची जागा काढायच्या केप्लरच्या समीकरणात कोनातून त्याच कोनाचा साइन वजा केलेला असतो. साइनच्या पोटात साइन. तुमचा ट्रान्समीटर आणि त्याचे ग्रह एकाच कोष्टकावर चालतात.

बी.एस्सी. बायोटेक करते. डीएनएच्या रचनेतही बेसेल फंक्शन वापरलं होतं असं वाचलं. जीवशास्त्रात याचं काय काम? (कॉलेज रोड)

तो एक्स-रेचा फोटो तू पाहिलाच असशील, काळ्या ठिपक्यांचा मोठा फुलीसारखा. मे १९५२, लंडनचं किंग्ज कॉलेज, रोझालिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग. ती फुली म्हणजे बेसेल.

मळसूत्राभोवती फिरणारा धागा बाजूने पाहिला तर साइनची रेघ दिसते. एक्स-रे त्यावरून विखुरले की पुन्हा साइनच्या पोटात साइन, आणि फोटोत एकावर एक आडव्या ओळी येतात. पहिल्या ओळीची तीव्रता पहिल्या क्रमाच्या बेसेलच्या वर्गाएवढी, दुसऱ्या ओळीची दुसऱ्या क्रमाच्या, असं वर जात. आता या फंक्शनांची पहिली शिखरं बघ: १.८४, ३.०५, ४.२०, ५.३२. (पहिला आकडा सिन्नरच्या टाकीचाच.) क्रम वाढला की शिखर मधल्या अक्षापासून लांब सरकतं, जवळपास सारख्या अंतराने. डावी-उजवीकडे आणि वर-खाली मिळून त्या ठिपक्यांच्या चार तिरप्या रांगा होतात. तीच फुली. हे गणित कॉक्रन, क्रिक आणि व्हँड यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि किंग्जमध्येच अलेक्झांडर स्टोक्सने स्वतंत्रपणे काढलं होतं. त्यामुळे फुली दिसताच ही रचना मळसूत्री आहे, हे जाणकाराला लगेच ओळखता येत होतं.

त्याहून मजा चौथ्या ओळीत आहे. फोटोत ती जवळपास नाहीच. कारण धागे दोन आहेत आणि दुसरा पहिल्यापासून वेढ्याच्या ३/८ एवढा सरकलेला आहे. चौथ्या ओळीसाठी हे सरकणं चौपट मोजायचं: ४ गुणिले ३/८ म्हणजे दीड फेरा. दीड फेऱ्याने दोन लाटा बरोबर उलट्या होतात आणि एकमेकींना पुसतात. म्हणजे नसलेल्या ओळीवरून दोन धाग्यांमधलं अंतर वाचता येतं. तुमच्या पाठ्यपुस्तकात मोठी खाच आणि छोटी खाच असं जे काढलेलं असतं, ती असमान खाच या ३/८ मुळेच. निम्म्यावर, म्हणजे ४/८ वर असता, तर दोन्ही खाचा सारख्या झाल्या असत्या.

याची कोष्टकं कुठे मिळतील? (ओझर)

पूर्वी जाडजूड छापील कोष्टकं चाळावी लागत. आता संगणकावरच्या एक्सेलमध्ये हे फंक्शन आधीच बसवलेलं आहे. चौकटीत बरोबरचं चिन्ह, मग इंग्रजी अक्षरांत 'बेसेल' आणि त्याला जोडून 'जे', कंसात आधी संख्या, मग स्वल्पविराम, मग क्रम. २.४०५ आणि ० टाकलंत तर उणे ०.००००९ च्या आसपास उत्तर येईल. शून्य आलं नाही म्हणून मला पत्र लिहू नका, २.४०४८२५५६ टाकून बघा.